शाश्वत वाहतूक शिकवायची तर सुरुवात एसटी स्टँडवरून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खान्देशातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिलच्या विद्यार्थ्यांसाठी ‘शाश्वत वाहतूक’ हा 4 श्रेयांकांचा वैकल्पिक विषय सुरू होतो आहे. ग्रंथालयात आहेत ती पुस्तकं परदेशी शहरांवरची. आसपास मेट्रो नाही, बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) नाही, धड सायकल मार्गही नाही. मग शिकवायचं काय आणि प्रात्यक्षिक घ्यायचं कुठे?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. मेट्रो नाही म्हणून प्रयोगशाळा नाही, असं होत नाही. एसटी, काळी-पिवळी, अ‍ॅपे, पॅसेंजर गाडी, दुचाकी आणि पायी चालणं यांवर रोज अप-डाऊन करणारे हजारो लोक हीच या विषयाची प्रयोगशाळा आहे, आणि तिला भाडं लागत नाही. हा विषय फसतो तो वेगळ्याच कारणानं. सत्रभर डांबर आणि रस्त्याच्या माती-डांबराची ताकद मोजणाऱ्या सीबीआर, मार्शल या चाचण्या शिकवून शेवटच्या पंधरवड्यात ‘शाश्वतता’ उरकली जाते. मग विद्यार्थी इंटरनेटवरून कोपनहेगनच्या सायकली आणि कुरितिबाच्या बसचे फोटो उचलतात, वीस स्लाइड करतात आणि गुण घेऊन मोकळे होतात. अशा वर्गातून बाहेर पडलेला अभियंता नगरपालिकेत गेला की पुन्हा रस्ता रुंद करण्याचाच प्रस्ताव लिहितो, कारण वाहनं मोजण्यापलीकडे त्याला काही शिकवलेलंच नसतं.

म्हणून पहिल्या तासापासून एकच सवय लावायची, माणसं मोजायची. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं 2006 मध्येच म्हटलं आहे की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटली पाहिजे. विद्यार्थ्यांना हे वाक्य पाठ असतं. त्याचं गणित त्यांनी केलेलं नसतं.

ते गणित पहिल्याच आठवड्यात करून घ्या. आयआरसी 106 मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात, शहरी रस्त्यांसाठी प्रत्येक वाहन मोटारीच्या तुलनेत किती रस्ता अडवतं याचा आकडा दिलेला आहे, म्हणजे पीसीयू (पॅसेंजर कार युनिट). तक्त्याला दोन स्तंभ आहेत. वाहनाच्या त्या प्रकाराचा एकूण वाहतुकीतला वाटा 5 टक्के असेल तर एक, 10 टक्के किंवा जास्त असेल तर दुसरा. मधल्या वाट्याला मधला आकडा काढायचा. विद्यार्थी सगळ्या वाहनांना एकच स्तंभ लावतात, ही पहिली चूक. आपल्या शहरांत दुचाकींचा वाटा 10 टक्क्यांच्या कितीतरी वर असतो, म्हणून दुचाकीला 0.75. बसचा वाटा 5 टक्क्यांपर्यंतही क्वचितच पोचतो, म्हणून बसला 2.2. आता 50 माणसं न्यायची आहेत. बसनं गेली तर 2.2 पीसीयू. दुचाकीवर सरासरी 1.3 माणसं धरली तर 38 ते 39 दुचाक्या, म्हणजे जवळपास 29 पीसीयू. त्याच माणसांना तेरापट रस्ता. हा आकडा फळ्यावर स्वतःच्या हातानं काढला की पुढचं निम्मं शिकवणं सोपं होतं. कॉलेज शहराबाहेर महामार्गावर असेल तर आयआरसी 64 चा तक्ता घ्यायचा. त्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीला 4.5 आणि बैलगाडीला 8 आहे. शहादा-नंदुरबारकडे उसाच्या हंगामात मोजणी करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

लगेच दुसरं गणित कार्बनचं, आणि इथे भाबडेपणा चालत नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलला 2.3 किलो. दुचाकी लिटरला 50 किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला 46 ग्रॅम, 1.3 माणसांत वाटले की माणशी 35. साधी बस लिटरला साडेचार किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला 600 ग्रॅम. बसमध्ये 40 माणसं असतील तर माणशी 15 ग्रॅम. 12 असतील तर 50. म्हणजे 17 पेक्षा कमी माणसं घेऊन धावणारी बस दुचाकीपेक्षा कार्बनच्या हिशेबात मागे पडते. ‘बस चांगली, गाडी वाईट’ हे सुभाषित इथे मोडतं आणि खरा प्रश्न समोर येतो, की बस भरते कशानं? एसटीच्या भाषेत भारमान, म्हणजे बसच्या क्षमतेच्या किती टक्के प्रवासी बसले. या विषयाचा गाभा तिथे आहे.

विजेच्या वाहनांवर विद्यार्थी फार लवकर खूश होतात. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.72 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. विजेच्या दुचाकीला किलोमीटरला 30 वॅट-तास लागले तर चार्जिंगमधली घट धरूनही 25 ग्रॅमच्या आत काम होतं. पेट्रोलच्या निम्मं, हा खरा फायदा. पण 12 मीटरच्या वातानुकूलित ई-बसला किलोमीटरला 1.2 युनिट लागले तर 860 ग्रॅम होतात, आणि शहरात लिटरला 3 किलोमीटर देणारी वातानुकूलित डिझेल बस 900 ग्रॅम सोडते. कार्बनमध्ये आज फरक थोडा. धूर मात्र स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जात नाही, हा फायदा वेगळा मांडायचा. भुसावळजवळच्या दीपनगरला कोळशाचं वीज केंद्र आहे आणि साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. दोन्ही दाखवता आले तर जरूर दाखवा. ‘आपली बस पवनचक्कीवर चालेल’ असं वाक्य अहवालात आलं तर खोडा. ग्रिड एकच असतो.

आता प्रत्यक्ष रचना. एक श्रेयांक म्हणजे 15 तास व्याख्यान किंवा 30 तास प्रात्यक्षिक. चारही श्रेयांक व्याख्यानाला देऊ नका. 2 व्याख्यानाचे, 2 प्रात्यक्षिकाचे घ्या, म्हणजे 30 तास वर्गात आणि 60 तास बाहेर. सत्र डिसेंबरात सुरू होत असेल तर बाहेरचं सगळं काम मार्चच्या मध्यापर्यंत संपवा. जळगाव-भुसावळचं ऊन एप्रिलमध्ये चौकात चार तास उभं राहू देत नाही. शिवाय उन्हात चाळीस अंशांच्या वर लोक चालणं टाळतात, त्यामुळे तेव्हाची पादचारी मोजणी वर्षाचं चित्र दाखवत नाही. मात्र सावलीचा अभ्यास करायचा असेल तर मुद्दाम मार्चच्या शेवटी एक दुपार ठेवा. स्टँड ते कॉलेज या वाटेवर दुपारी एक वाजता किती मीटर सावली आहे, एवढं टेपनं मोजून नकाशावर रंगवायचं. खान्देशात सावली ही पदपथाइतकीच मूलभूत सोय आहे आणि कुठल्याही परदेशी पुस्तकात तिला हवं तेवढं वजन दिलेलं नाही. कडुनिंबाची रांग कोणत्या बाजूला लावायची हे सूर्याच्या दिशेवरून ठरतं. पूर्व-पश्चिम रस्त्यावर दुपारची सावली उत्तरेकडे पडते, म्हणून पदपथाच्या दक्षिण कडेला झाड हवं. अशी साधी गोष्ट विद्यार्थ्याच्या आराखड्यात आली तर पूर्ण गुण द्या.

मोजणीचा दिवस निवडणं हे निम्मं काम आहे. गावचा आठवडे बाजार, लग्नाची दाट तीथ, आषाढीला पंढरपूरकडे वळवलेल्या गाड्या, डिसेंबरात शाळांच्या सहलींना दिलेल्या बस, सारंगखेड्याची यात्रा, यांतलं काहीही त्या दिवशी असलं तर आकडे नेहमीचे नसतात. मंगळवार ते गुरुवार यांतला बिनबाजाराचा दिवस घ्या, आणि बाजाराचा दिवस हवा असेल तर तो वेगळा मोजा, सरासरीत मिसळू नका.

चौकातली मोजणी सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8. दर 15 मिनिटांना नवी ओळ. एका दिशेला दोघं, एक फक्त दुचाकी मोजेल आणि दुसरा बाकी सगळं, कारण दुचाकी इतक्या येतात की एकट्याचं लक्ष सुटतंच. उभ्या चार रेघा आणि पाचवी आडवी. तिसरा विद्यार्थी दर पाच मिनिटांतल्या पहिल्या दहा वाहनांत किती माणसं बसली आहेत ते लिहितो. हा तिसरा माणूस नेमला नाही तर मोजणी पुन्हा वाहनांचीच होते. गच्चीवरून मोबाइलनं चित्रीकरण करून नंतर मोजता येतं, पण संध्याकाळी सहानंतर हेडलाइटमुळे रिक्षा आणि छोटा टेम्पो वेगळे ओळखू येत नाहीत. महामार्गालगत काम असेल तर चमकणारे जाकीट, साइडपट्टीच्या बाहेर उभं राहणं, अंधार पडताच काम बंद आणि वाहतूक शाखेला आधी पत्र, यांत सूट नाही.

बसमधली चढ-उतार नोंद ही सगळ्यांत शिकवणारी कसरत. दोघांनी मार्गाच्या सुरुवातीला बसायचं. प्रत्येक थांब्याला वेळ, किती चढले, किती उतरले, आणि चौथा रकाना: किती जण थांब्यावरच राहिले. हा चौथा रकाना कुठल्याच सरकारी नोंदीत सापडत नाही. गर्दीमुळे बस न थांबता पुढे गेली किंवा दारातून माणसं परत उतरली, ही मागणी हिशेबात कधी येतच नाही, आणि मग कागदावर ‘या फेरीला प्रवासी नाहीत’ असं दिसतं. चढलेले वजा उतरलेले ही बेरीज शेवटच्या थांब्यावर शून्य आली पाहिजे. आली नाही तर कुठे चूक झाली ते त्याच दिवशी शोधा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही. प्रवासी तिकिटांवरून मोजू नका. पासधारकांची डोकी तिकिटात उतरतीलच असं नाही, आणि विद्यार्थी पासावर 66.67 टक्के सवलत असल्यानं कॉलेजच्या वेळेची गच्च भरलेली बसही तिकिटाच्या रकमेत गरीब दिसते. जुन्या आकड्यांशी तुलना करताना आणखी एक तारीख लक्षात ठेवा. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. त्याआधीचे आणि नंतरचे महिला प्रवासी थेट शेजारी मांडले तर निष्कर्ष चुकतो.

वाट पाहण्याचं गणित याच नोंदीवर शिकवा. बस सरासरी 20 मिनिटांनी येते म्हणून 10 मिनिटं वाट पाहावी लागते, असं पुस्तक सांगतं. पण एक बस 5 मिनिटांनी आणि पुढची 35 मिनिटांनी आली तर? पाचाचा वर्ग 25, पस्तिसाचा 1225, बेरीज 1250, तिला 40 च्या दुपटीनं म्हणजे 80 नं भागलं की 15.6 मिनिटं. बस तेवढ्याच, वाट पाहणं दीडपट. मात्र दोन तासांनी एक फेरी असलेल्या गावाला हे सूत्र लावू नका. तिथे माणूस वेळापत्रक बघून फाट्यावर येतो आणि त्याचा त्रास वेगळा असतो: ती एक फेरी रद्द झाली तर पूर्ण दिवस जातो.

विद्यार्थ्यांच्या प्रवासाची प्रश्नावली करताना ‘तुमचे प्रवासाचे साधन कोणते?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तर ‘रेल्वे’ येतं आणि विषय संपतो. पाचोरा तालुक्यातल्या एखाद्या गावाहून जळगावला येणाऱ्या मुलीचा दिवस असा असू शकतो: घरून फाट्यापर्यंत वडिलांच्या दुचाकीवर, फाट्यावरून काळी-पिवळीनं पाचोरा, तिथून रेल्वेनं जळगाव, स्टेशनवरून रिक्षानं महामार्ग, आणि गिरणेपलीकडे कॉलेज असेल तर आणखी एक बस. पाच टप्पे, चार ठिकाणी वाट पाहणं, आणि पहिला टप्पा वडील शेतावर गेले नसतील तरच. म्हणून प्रश्न टप्प्याटप्प्यानं विचारा: किती वाजता निघालात, कुठे उतरलात, किती थांबलात, किती पैसे गेले, परत जाताना शेवटचं साधन किती वाजता सुटतं. गुगल फॉर्म पाठवून मोकळं होऊ नका. जे रोज गैरहजर राहतात किंवा प्रवासामुळेच शिक्षण सोडून गेले, ते फॉर्म भरत नाहीत. दहा टक्के मुलाखती समोरासमोर, शक्य तिथे अहिराणीत घ्या. नाव आणि फोन नंबर लिहून घेण्याची गरज नाही, गाव पुरे.

या प्रश्नावलीतून बहुतेक वेळा एक गोष्ट वर येते आणि ती वर्गात ठळकपणे मांडायला हवी: कॉलेजचं वेळापत्रक हाच वाहतुकीचा निर्णय असतो. प्रात्यक्षिक साडेपाचला सुटतं आणि गावाकडची शेवटची सोयीची गाडी पाचला जाते, तर त्या गावची मुलगी तरी प्रात्यक्षिक बुडवते किंवा घरचे तिला दुचाकी घेऊन देतात किंवा प्रवेशच रद्द होतो. तिन्ही उत्तरं महाग आहेत. शाश्वत वाहतुकीत टाळा, बदला, सुधारा अशी तीन पायऱ्यांची मांडणी शिकवतात: नको असलेला प्रवास टाळायचा, उरलेला चांगल्या साधनाकडे वळवायचा, आणि शेवटी ते साधन सुधारायचं. पहिल्या पायरीचं उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांना स्वतःच्याच विभागाचं वेळापत्रक द्या. लांबच्या गावांची मुलं ज्या तुकडीत जास्त, तिचं प्रात्यक्षिक सकाळी. दोन अर्ध्या दिवसांची कामं एका दिवसात आणून आठवड्याची एक फेरी कमी. याला एक रुपया लागत नाही, फक्त विभागप्रमुखांची सही लागते.

पादचाऱ्यांसाठी दोन आठवडे पूर्ण राखून ठेवा, कारण या भागावरच आपल्याकडे सगळ्यांत कमी काम झालं आहे. आयआरसी 103 प्रमाणे पदपथाची निर्विघ्न रुंदी किमान 1.8 मीटर, वर 2.2 मीटर मोकळी उंची आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपर्यंत. टेप घेऊन जळगावच्या नेरी नाक्यापासून किंवा धुळ्याच्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर 500 मीटर चाला, दर 10 मीटरला रुंदी मोजा आणि अडथळा लिहा: विजेची डीपी, गटाराचं उघडं झाकण, दुकानाचा जिना, लावलेल्या गाड्या. सरासरी रुंदी लिहिणाऱ्याचे गुण कापा. एका ठिकाणी 3 मीटर आणि पुढे 0.4 मीटर असेल तर व्हीलचेअरसाठी तो पदपथ 0.4 मीटरचाच आहे.

जळगाव शहराच्या मधून गेलेला महामार्ग, त्यासाठी वर्षानुवर्षं झालेली समांतर रस्त्यांची मागणी आणि पाळधी ते तरसोदचा वळण रस्ता, हे एका सत्राला पुरेल एवढं प्रकरण आहे. वळण रस्त्यानं अवजड गाड्या बाहेर गेल्या की शहरातला रस्ता सुरक्षित होतो, असं सगळे गृहीत धरतात. विद्यार्थ्यांना ते तपासायला लावा. रस्त्यावर 50 मीटर अंतर खडूनं आखून स्टॉपवॉचनं किमान 100 वाहनांचे वेग घ्या. सरासरीवर थांबू नका. 85 टक्के वाहनं ज्या वेगाच्या आत आहेत तो आकडा काढा, कारण रस्ता ओलांडणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. ट्रक गेले आणि मोकळ्या जागेत मोटारी वेगानं धावू लागल्या तर ओलांडणं आणखी अवघडही होऊ शकतं. ओलांडण्याच्या सोयीची गरज ठरवायला पीव्ही-वर्ग हे सूत्र आहे: गर्दीच्या तासातले पादचारी गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक असलेल्या रस्त्याला 2 गुणिले 10 चा आठवा घात ही मर्यादा. तासाला 200 पादचारी आणि 1800 वाहनं असतील तर उत्तर 6.48 गुणिले 10 चा आठवा घात येतं, मर्यादेच्या तिप्पट. पण या सूत्राची मर्यादाही शिकवा. भीतीनं जे ओलांडतच नाहीत, म्हणजे पलीकडच्या वस्तीतली शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसं, ती पादचाऱ्यांच्या आकड्यात येत नाहीत.

मोठ्या शहरांची उदाहरणं हवीच असतील तर जवळची घ्या. सुरतची बीआरटी नंदुरबारहून रेल्वेनं सकाळी जाऊन संध्याकाळी परतून पाहता येते, आणि खान्देशातली कित्येक कुटुंबं तिथे राहतात, त्यामुळे मुलाखतींना माणसं मिळतात. इंदूरची बीआरटी 2013 मध्ये सुरू झाली आणि 2025 मध्ये ती काढून टाकण्याचा मार्ग न्यायालयाच्या आदेशानं मोकळा झाला. यशाच्या दहा स्लाइडपेक्षा ही एक कहाणी विद्यार्थ्याला जास्त शिकवते: स्वतंत्र मार्गिका कुणाची, तिथे तासाला किती माणसं जात होती, शेजारच्या मार्गिकेत किती, आणि लोकांना ते का पटलं नाही.

मनमाड-इंदूर हा 309 किलोमीटरचा रेल्वेमार्ग केंद्र सरकारनं 2024 मध्ये मंजूर केला आहे आणि तो धुळे-शिरपूरवरून जाणार आहे. शिरपूरचं स्टेशन आज कागदावर आहे तोवरच त्याच्या भोवती 2 किलोमीटरचं वर्तुळ काढून बस, पायवाट, सायकल तळ आणि रिक्षा थांबा कुठे असावा याचा आराखडा करायला द्या. नकाशासाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी भरलेला खुला नकाशा पुरतात, दोन्ही मोफत. गावातल्या गल्ल्या नकाशात नसतील तर त्या भरणं हेच पहिलं प्रात्यक्षिक.

मालवाहतुकीला एक आठवडा पुरे, पण केळीवर. सावदा-रावेरची केळी दिल्लीकडे रेल्वेनंही जाते आणि ट्रकनंही. प्रत्येक टप्प्यावर किती वेळा हाताळणी होते, किती तास जातात आणि घड कुठे काळा पडतो, हे विचारून लिहायला लावा. प्रत्येक जादा हाताळणी म्हणजे डाग, आणि डाग म्हणजे भाव पडला. ट्रक निवडणारा व्यापारी अडाणी नसतो. रेल्वेनं हे टप्पे कमी केल्याशिवाय माल वळत नाही.

सातपुड्याचं मात्र वेगळं शिकवा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कार्बन मोजायला लावणं चूक आहे. तिथल्या माणसाचा वाहतुकीतला कार्बन मुळातच नगण्य आहे. तिथे मोजायचं ते अंतर मिनिटांत: पाड्यापासून बारमाही रस्ता, रस्त्यापासून ग्रामीण रुग्णालय, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळं. रुग्णाला झोळीत घालून आणण्याचे तास त्यात धरा. तिथे नवा रस्ता आणि एक मुक्कामी गाडी हीच शाश्वत वाहतूक आहे, आणि जो विद्यार्थी हे कारणांसह लिहील त्याला विषय समजला असं समजा.

मूल्यमापनात लेखी परीक्षेचा वाटा विद्यापीठाच्या नियमात बसेल तेवढा कमी ठेवा. अंतर्गत गुणांतला सर्वांत मोठा भाग क्षेत्रवहीला द्या. मूळ पेन्सिलीची, घामाचे डाग पडलेली वही तपासा, टाइप केलेली नाही. खोटे आकडे ओळखणं सोपं असतं: सगळ्या 15 मिनिटांच्या ओळींत संख्या पाच आणि दहाच्या पटीत येतात, किंवा ट्रकचा एकही शून्य नसतो.

आणि शेवटचं काम म्हणजे एका पानाचं निवेदन. आगार व्यवस्थापकांना, मुख्याधिकाऱ्यांना किंवा आयुक्तांना. त्यात पाहणीची तारीख, ठिकाण, किती माणसं थांब्यावर राहिली, आणि मागणी एकच. ‘बस वाढवा’ असं लिहू नका. ‘संध्याकाळी 5 ची फेरी 5.40 ला सोडावी, त्यानं या चार गावांच्या एवढ्या विद्यार्थ्यांची सोय होते, किलोमीटर वाढत नाहीत’ असं लिहा. वेळ बदलण्याला खर्च नसतो, त्यामुळे ते मान्य होण्याची शक्यता जास्त. नवी फेरी मागायची असेल तर जाऊन-येऊन किलोमीटर, अपेक्षित भारमान आणि गाडी कुठून मोकळी होईल हे लिहा. नाही तर अर्ज फायलीतच राहतो. निवेदनाची पोच घेऊन क्षेत्रवहीला जोडा, वही विभागाच्या ग्रंथालयात ठेवा, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीला त्याच थांब्यावर, त्याच महिन्यात, त्याच रकान्यांत पुन्हा मोजायला पाठवा.